पांढऱ्या पायजम्यावरचे पाय

आमच्या दादाच्या उजव्या मांडीवर कायम कुणाचं तरी पाऊल उमटलेलं असायचं. हे काही अलंकारिक बोलणं नाही. पांढरा पायजमा, आणि त्यावर गुडघ्याच्या जरा वर काळ्या मातीचा टाचेसकट ठसा. पावसाळ्यात चिखलाचा, उन्हाळ्यात फुफाट्याचा. सकाळी सातला वहिनीने हातात दिलेला बगळ्यासारखा पायजमा आठ वाजता असा होऊन जायचा, आणि त्याच अवतारात दादा दिवसभर गावात, बँकेत, कुणाच्या साखरपुड्यातसुद्धा हिंडायचा. कुणी बोट दाखवलं तर खाली पाहायचा, हाताने एकदा झटकायचा आणि म्हणायचा, "धुतलं का झालं."

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. वडील गावचे पोलीस पाटील होते, त्यामुळे घराला थोडा मान होता आणि त्या मानाची काळजी वाहायला मी होतो. दादा शेती करायचा आणि एक जुनी पिकअप चालवायचा. चिखली-मेहकर रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. गावातल्या कामाच्या बाया निंदणाला, सोंगणीला, कापूस वेचायला लांबच्या वावरात न्यायच्या आणि संध्याकाळी परत आणायच्या, हे त्या गाडीचं मुख्य काम. गाडी एके काळी पांढरी होती असं दादा सांगायचा. आम्ही ऐकून घ्यायचो.

त्या गाडीची मागची बाजू फार उंच होती. फाळका, म्हणजे मागची उघडणारी फळी, खाली पाडला तरी नऊवारीतल्या म्हाताऱ्या बाईला वर चढायचं म्हणजे कसरत. तरण्या पोरी चाकावर पाय देऊन जायच्या, पण बाकीच्या लोंबकळायच्या, आणि पारावरचे रिकामटेकडे ते बघत बसायचे. दादाने गाडी घेतली त्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फाळक्यापाशी जाऊन डावा गुडघा जमिनीला टेकला, उजवी मांडी आडवी धरली आणि म्हणाला, "ठेव माय पाय." पहिल्यांदा कुणी ठेवीना. शेवटी गयाबाई पुढे झाली. गयाबाई म्हणजे त्या टोळीतली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात फटकळ. तिने दादाच्या डोक्यावर हात टेकला, मांडीवर पाय दिला आणि वर गेली. वरून म्हणाली, "पाटील, तुमच्या बापानं कदी मान वाकवली न्हाई, तुमी डायरेक मांडीच देल्ली." तेव्हापासून वर्षानुवर्षं तसंच. बाई चढत असताना दादा मान वळवून पलीकडच्या कडुनिंबाकडे बघत राहायचा. टोपी वाकडी झाली की समजायचं, गयाबाई चढली.

मी त्याला शंभरदा सुचवलं की अरे, एखादी पायरी करून घे. त्याने ऐकलंही. लोखंडी पायरी मागे जोडून घेतली. ती पहिल्याच आठवड्यात नाल्यातल्या दगडाला अडकून निघाली. मग लाकडी घडवंची केली. ती वावरातच विसरून आली आणि कुणीतरी चुलीला लावली. त्यावर दादाचं म्हणणं असं : "पायरी गावात ठेवली तं वावरात नसते, वावरात ठेवली तं गावात नसते. मांडी कशी, संगंच असते." मी मराठीचा मास्तर, चिखलीत राहतो, तिथल्या हायस्कुलात व्याकरण शिकवतो; पण दादाच्या वाक्यापुढे मला कधी पुढचं वाक्य सुचलं नाही.

आता माझ्याविषयी. आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. लग्नात, तेरवीत, दिवाळीत माणसं जमली की मला मधे बसवतात आणि मी घराण्यातल्या एकेकाची फजिती रंगवून सांगतो. फक्त एक किस्सा असा आहे की तो मी सांगत नाही. तो इतर लोक सांगतात आणि मी त्या वेळी चहाचे कप गोळा करायला आत जातो. पण ते सगळे भले लोक आहेत, माझ्या वाट्याचं थोडं पातळ करून सांगतात. म्हणून एकदा मीच सांगतो.

मला दादाच्या त्या मांडीची लाज वाटायची. दादाची नाही हो, मांडीची, असं मी स्वतःला समजावत असे. सासुरवाडीला गेलो की मेहुणा सगळ्यांसमोर विचारायचा, "काय हो, तुमचे दादा अजून बायांच्या पायाखालीच का?" मग हशा. त्या बाया कुठल्या, कोणत्या वस्तीतल्या, हेही हळूच कुणीतरी विचारायचं. मीही हसायचो. हसलो नाही तर आपल्याला झोंबलं असं दिसेल, म्हणून जरा जास्तच हसायचो. आणि घरी येऊन बायकोवर चिडचिड करायचो, की तिच्या माहेरी ताकात मीठ जास्त असतं.

त्यात माझ्या मुलीचं, मुक्ताचं लग्न जुळायच्या गोष्टी सुरू झाल्या. स्थळ पुण्याचं. मुलगा चांगला, घर चांगलं. मुलाच्या वडिलांनी फोनवर सांगितलं की आम्हाला चिखलीत नाही, तुमच्या गावच्या घरी यायचंय, शेती बघायचीय. मी आनंदाने हो म्हणालो आणि फोन ठेवताच माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? शेती नाही, घर नाही. तो पायजमा.

चिखलीत कॉलेजच्या बाजूला काही पोरं जुन्या जीपगाड्या खाली बसवून फिरवतात. गाडी जमिनीला चिकटून चालल्यासारखी दिसते, आत मोठ्याने गाणी. त्या दिवशी शाळेतून येताना तशी एक गाडी पाहिली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाडीच खाली आणली तर! फाळका वीतभर खाली आला की बाया आपापल्या चढतील. दादाला गुडघा टेकायचं कारण उरणार नाही. लाज मुळातूनच काढायची, पायरीबियरी कशाला.

दादाला मात्र मी कारण दुसरं सांगितलं. म्हणालो, तुझा गुडघा हल्ली करकर वाजतो, मला काळजी वाटते, गाडी जरा खाली करून आणतो. दादा माझ्याकडे बघतच राहिला. मग वहिनीला हाक मारून म्हणाला, "आयकलं का? मास्तर माह्या गुडघ्यासाठी गाडी नेऊन राह्यला." त्याला खरंच गहिवरून आलं होतं. पुढचे दोन दिवस त्याने गावात भेटेल त्याला हे सांगितलं. लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि मी ते कौतुक घेतही होतो.

गाडी घेऊन मी चिखलीला रशीदभाईंकडे गेलो. रशीदभाई कमान-पाट्याचं काम करणारे, बोलके, दिवसभर हातोड्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे साधी विचारपूससुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जायची. ते गाडीखाली वाकले, मागच्या कमानींचे, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगांचे, पाटे हाताने चाचपले आणि बाहेर येऊन मला न्याहाळत म्हणाले, "सर, शौक या उमरमें?" मी म्हणालो, शौक नाही, सोय. मग त्यांनी तो साधा प्रश्न विचारला, जो कुठलाही कमानवाला विचारतो :

"गाडीत भरता काय?"

दुकानासमोर माझ्या शाळेतले दोन पालक चहा पीत उभे होते. एकाच्या मुलाला मी आदल्याच दिवशी वर्गाबाहेर उभं केलं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणालो, "काही नाही हो. घरचीच गाडी. कधीमधी चारा."

"पक्कं? वजन न्हाई ना?"

"नाही नाही."

"मंग काढतो पाटे. एकदम स्कुटीवानी होईन गाडी."

त्यांनी दोन्ही बाजूंचे पाटे काढले, पुढचे बोल्ट सैल करून गाडी खाली उतरवली, काढलेले पाटे दुकानामागच्या ढिगावर टाकले. गाडी खाली बसली ती इतकी रुबाबात की मला स्वतःलाच काच खाली करून गाणं लावावंसं वाटलं. टेप बंद होता म्हणून राहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मुद्दाम सकाळी गावात थांबलो. दादा सवयीने फाळक्यापाशी गेला, वाकायला लागला, तोवर गयाबाईने नुसता साडीचा काठ उचलला आणि टुणकन वर. मागोमाग बाकीच्या. कुणाला मांडी लागली नाही, कुणाला चाक लागलं नाही. दादा तिथेच उभा. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. शेवटी त्याने ते मागे बांधले. गयाबाई वरून म्हणाली, "भाऊ, सुटली तुमची मांडी." सगळ्या हसल्या. दादाही हसला. मीही. संध्याकाळी पायजमा जसाच्या तसा पांढरा घरी आला, तर वहिनीने विचारलं, "आज गेले न्हाई का कामाले?" पण तिने हे विचारेपर्यंत मी चिखलीला निघून गेलो होतो, ही त्यातली मुख्य गोष्ट. फाळक्याशी काय झालं ते मी पाहिलं. गावाबाहेर काय झालं ते पाहिलं नाही. पायजमा पांढरा राहिला होता तो फक्त त्या एका दिवशी, कारण त्या दिवशी काम गावाला लागूनच होतं.

नंतरच्या दिवसांत काय होत होतं ते मला पाहुणे येईपर्यंत कुणी कळू दिलं नाही. पाटे काढलेली गाडी रिकामी असताना छान. बाया बसल्या, वर डबे-पाण्याचे कॅन आले की ती पोटावर बसायची. चाकं वरच्या पत्र्याला घासायची, जळका वास सुटायचा. लांबच्या वावरांना जाणारी वाट म्हणजे बांध, पाइपासाठी खोदलेला चर आणि मधे नाला. प्रत्येक ठिकाणी गाडी टेकायची. मग सगळ्या बायांनी उतरायचं, दादाने रिकामी गाडी पलीकडे काढायची, आणि पुन्हा सगळ्यांनी चढायचं. नाल्यात गाडी चढावर उभी आणि बाया खाली उतारावर, म्हणजे फाळका पुन्हा होता तेवढाच उंच. त्यामुळे जो माणूस पूर्वी सकाळी गावात एकदा आणि संध्याकाळी वावरात एकदा गुडघा टेकायचा, तो आता दर खड्ड्याला टेकायला लागला. आणि गयाबाई मला चिखलीला निरोप धाडणार होती तर दादाने तिला अडवलं होतं : "मास्तरले सांगू नको. हौसेनं केलं त्यानं माह्यासाठी." हे सगळं मला मागाहून वहिनीने सांगितलं, तेही भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

पाहुणे आले तो दिवस सोयाबीनच्या सोंगणीतला. वरती आभाळ भरून येत होतं, आणि सोंगून पडलेलं सोयाबीन भिजलं तर गेलं, त्यामुळे पाहुणे येणार असूनही दादाला बाया न्याव्याच लागल्या. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मी त्याला म्हणालो होतो, तू बाराच्या सुमाराला ये, पाहुणे एकपर्यंत येतील. आणि, "येताना मागच्या दाराने ये, कपडे बदल, मग बाहेर बस." दादा म्हणाला, "हाव, हाव. नवा पायजमा काढून ठेवला तुह्या वहिनीनं."

पाहुणे अकरालाच आले. मुलाचे आई-वडील आणि मुलगा. पाणी झालं, प्रवास कसा झाला झालं. मुलाची आई बोलकी बाई. खुर्चीत जरा पुढे सरकून म्हणाल्या, "येताना एक गंमत पाहिली. वाट चुकून शेतांकडे वळलो, तर नाल्यात आमच्या पुढे एक पिकअप थांबली होती. सगळ्या बायका उतरल्या, गाडी वर निघाली, आणि एक गृहस्थ चक्क चिखलात गुडघा टेकून बसले. पांढरे कपडे हं. एकेक बाई त्यांच्या मांडीवर पाय देऊन वर. आम्ही हॉर्नसुद्धा वाजवला नाही. कोण हो ते? तुमच्या गावचेच का?"

आज मी तो प्रश्न कितीही वेळा मनात ऐकला तरी त्यात मला टिंगल सापडत नाही. साधं कुतूहल होतं. पण त्या क्षणी माझ्या कानात मेहुण्याचा आवाज बसलेला होता. बाईंच्या तोंडचं 'गंमत' एवढंच मला ऐकू आलं. मी पाण्याचा तांब्या उगाच सरळ केला आणि म्हणालो,

"असेल कोणी ड्रायव्हर. मजुरांच्या गाड्या असतात इकडे."

आणि मान वर केली तर दादा दारात.

एका वावरातून दुसऱ्या वावराकडे बाया नेताना नाल्यापलीकडची पुण्याची गाडी ओळखून तो त्यांना पहिल्याच वावरात उतरवून घाईने परत आला होता. मागच्या दाराकडे जायचं तर अंगणातूनच जावं लागतं. पायाला चिखल म्हणून तो उंबऱ्याबाहेर थांबला होता. अंगावर तोच पायजमा. त्यावर आज एक नाही, एकावर एक पावलं, मांडी सगळी काळी. टोपी वाकडी. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला पुढची वर्षं बरी गेली असती. त्याने मला सावरून घ्यायचं ठरवल्यासारखं पाहिलं. मग पाहुण्यांकडे वळून वाकला आणि म्हणाला,

"रामराम जी. ड्रायव्हरच हाय मी. चहा सांगतो आत."

आणि तो वळून मागच्या बाजूला गेला. स्वतःच्या घराच्या मागच्या दाराने, मी सांगितलं होतं तसाच.

मुक्ता पोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ट्रे टेबलावर ठेवला, अगदी हलकेच, आणि म्हणाली, "ते माझे मोठेबाबा आहेत. बाबांचे मोठे भाऊ." मग माझ्याकडे बघून : "सांगा ना बाबा."

मी व्याकरणाचा मास्तर. कर्ता, कर्म, क्रियापद. 'तो माझा भाऊ आहे' हे वाक्य पाचवीतलं पोर बोलेल. मला ते बोलता आलं नाही. मी तांब्याकडे बघत राहिलो. मुक्ता आत गेली आणि दादाला हाताला धरून घेऊन आली. तो नको नको म्हणत होता, कपडे बदलू दे म्हणत होता. तिने त्याला ओढत आणून मुलाच्या आईशेजारच्या दिवाणावर बसवलं, चिखलासकट. नवीन चादर होती. मीच आणली होती, पाहुण्यांसाठी.

मुलाच्या वडिलांनी खोकून घेतलं. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, "इतके पाय... दुखत नाही का हो?" आणि दादा एकदम खुलला. त्याला वाटलं, चला, विषय सापडला. तो मांडी पुढे करून दाखवायला लागला : हा गयाबाईचा, तिची टाच फाटलेली हाय, हा बारका सुमनचा, लग्न होऊन आली आताच, ही मंदा, तिले मी म्हणतो हळू ठेव, ते आयकत न्हाई. मुलगा आणि मुक्ता एकमेकांकडे बघून हसत होते. मुलाच्या वडिलांनी विचारलं की गाडी इतकी खाली का बसलीय, नाल्यात टेकत होती. दादा चटकन म्हणाला, "मास्तरनं केली. माह्या गुडघ्यासाठी. लय जीव हाय त्याचा माह्यावर." हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर! त्याला टोमणा मारता येत नव्हता. मी चहाचे कप गोळा करून आत गेलो. तेव्हापासून जातोच आहे.

पाहुणे जाताना 'कळवतो' म्हणाले, आणि बरेच दिवस काही कळवलं नाही. त्या दिवसांत घरात माझ्याशी सगळे कामापुरतं बोलत. मुक्ता तेवढंही नाही. तिचं लग्न मोडलं तर ते दादाच्या मांडीमुळे नाही, माझ्या एका वाक्यामुळे मोडेल, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी म्हणत नव्हतं. मी गावी गेलो. दादा अंगणात गाडीची चाकं धूत होता. मी त्याच्यामागे उभा राहिलो आणि म्हणालो, दादा, त्या दिवशी मी... त्याने पुढचं बोलू दिलं नाही. पाण्याची बादली माझ्या हातात देत म्हणाला, "इकडून टाक बे पाणी. धुतलं का झालं."

मी पाणी टाकलं. चाक धुतलं गेलं.

मग मी गाडी घेऊन परत रशीदभाईंकडे गेलो आणि पाटे पुन्हा बसवा म्हणालो. ते ढिगाकडे गेले, आमचे पाटे ओळखून काढले आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "काऊन सर, शौक उतरला? आता तरी सांगा, भरता काय गाडीत?"

त्या दिवशीही समोर चहावाल्याकडे माणसं होती. मी म्हणालो, "बाया. कामाच्या बाया. माझा भाऊ नेतो."

रशीदभाईंनी हातोडा खाली ठेवला. "इतक्या बाया बसते आणि तुमी मले चारा सांगता? कमान तुटली असती त् कोनाच्या जिवावर बेतलं असतं?" चहावाल्याकडची सगळी माणसं वळून पाहायला लागली. ते आणखी बरंच बोलले. मी उभा राहून ऐकलं. मला ते बोलणं हवंच होतं, कारण घरात कुणी बोलत नव्हतं.

गाडी वर उचलून नेली तेव्हा दादाने फाळक्यावर हात ठेवला, जुन्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणाला, "आली का वरती." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गुडघा टेकला. गावात एकदा, वावरात एकदा. करकर वाजतच होता.

पुण्याहून होकार आला. का आला ते मला अजून माहीत नाही. बहुतेक पोरापोरीला एकमेकं पसंत पडली, एवढंच. लग्नात दादाने मुक्ताला मांडवात नेलं आणि त्याचा पायजमा त्या दिवशी पांढराशुभ्र होता. मुक्ताच्या सासूबाई आजही पुण्यात लोकांना सांगतात की आमच्या सुनेचे मोठेबाबा असे होते. मग कुणीतरी विचारतं, आणि तिचे वडील? तेव्हा त्या म्हणतात, ते शिक्षक आहेत. बाई फार चांगल्या आहेत.

दादा गेला गेल्या वर्षी, पोळ्याच्या आधी. तापाचं निमित्त झालं, बुलढाण्याला नेलं, तिथून परत आणला तो त्याच्याच गाडीतून. अंगणात बाया जमल्या होत्या. फाळका पाडून त्याला खाली घेताना गयाबाईने त्याची टोपी सरळ केली आणि मग पुन्हा हाताने थोडी वाकडी केली. त्या वेळी मला रडू आलं, पण ते काही माझं पुण्य नाही. तिथे सगळेच रडत होते.

आता आठवडाभर दादाचा मुलगा गाडी चालवतो. तो तरणाताठा आहे, वरून हात देऊन बायांना ओढून घेतो. रविवारी मात्र मी चिखलीहून येतो आणि गाडी मी नेतो. तेरवीनंतरच्या पहिल्या रविवारी फाळका पाडला, बाया उभ्या होत्या, गयाबाईने सवयीने पाय जरा उचलला आणि तसाच हवेत थांबवला. समोर मांडी नव्हती. मी पुढे झालो. पँटचं कापड जरा ताठ होतं, बसताना मागून काहीतरी उसवल्याचा आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला. डावा गुडघा टेकला, उजवी मांडी धरली. दादासारखी मान वळवून कडुनिंबाकडे पाहिलं. म्हणालो, "ठेवा माय पाय."

पाय काही पडेना. गयाबाई कुणाला तरी म्हणत होती, "दे गं इकडं." मग माझ्या मांडीवर काहीतरी मऊ पडलं. मी खाली पाहिलं. सुमनने भाकरीचं गाठोडं सोडून त्याचं धुतलेलं फडकं दिलं होतं, आणि गयाबाईने ते माझ्या पँटवर नीट पसरलं होतं, कोपरे ओढून.

"राहू द्या हो फडकं," मी म्हणालो.

"न्हाई सर," ती म्हणाली. "तुमची पँट खराब होईन."

दादाच्या मांडीवर त्यांनी इतक्या वर्षांत कधी काही टाकलं नव्हतं. फडक्यावर पाय देऊन ती वर गेली. डोक्यावर हात टेकला नाही, गाडीचा पत्रा धरला. मागोमाग बाकीच्या गेल्या, एकेक करून, जपून, जणू मी मोडेन.

आता वर्ष होत आलं. पावसात, उन्हात मी दर रविवारी गुडघा टेकतो. माझाही आता वाजतो. पँट सोडून पायजमा घालायला लागलो. परवाच्या रविवारीही गयाबाईने आधी फडकं टाकलं, मग पाय ठेवला.